कोपऱ्यातला घास

गेल्या महिन्यात तिकोणा पेठेत एका साखरपुड्याला गेलो होतो. अंगठ्या घालून झाल्यावर केक कापला. हल्ली साखरपुड्यालाही केक लागतो. केक उत्तम होता, वर आंब्याचा रस, आत मऊ लुसलुशीत. मी दुसरा तुकडा घेतला तेव्हा शेजारच्या पाहुण्याने मला कोपराने ढोसलं आणि कानाशी येऊन म्हणाला, "आबा, बेतानं खावा. करणीवालीच्या घरचा केक हाय त्यो."

मी बशी खाली ठेवली. त्याला वाटलं, म्हातारा घाबरला. घाबरलो होतोच, पण केकला नव्हे. एवढ्या वर्षांनंतरही ती अफवा मांडवामांडवांतून जेवते आहे, आणि तिला पहिला घास मी भरवला आहे, ह्याची भीती वाटली. तरी मी त्या पाहुण्याला काही बोललो नाही. इतकी वर्षं कुणालाच बोललो नाही. बायको होती तोवर तिला नाही, मुलांना नाही. कुणी त्या 'करणीवाली'चं, म्हणजे इंदूबाईंचं, नाव काढलं की मी विषय भाताच्या लावणीवर न्यायचो. मावळात भाताचा विषय निघाला की दुसरा कुठलाच विषय टिकत नाही.

आता मात्र लिहितो. इंदूबाई करणी करणाऱ्या नव्हत्या. हातमोज्यातून निघालेले ते तांदूळ कसले होते, हे मला त्या दिवशीही माहीत होतं.

लिहिण्याआधी त्यांच्या मुलीला, सुजाताला, विचारलं. तिने पिठाचे हात न झटकताच उत्तर दिलं, "लिहा की. पण आईला गरीब बिचारी करू नका. ती खवळंल." गेलेल्या बाईबद्दल 'खवळेल' म्हणणारी ही मुलगी आईच्याच वळणाची आहे. मी काय लिहिणार आहे, ते सगळं तिला सांगितलेलं नाही. ते तिला हे वाचूनच कळेल.

लोणावळ्यातल्या एका मोठ्या हॉटेलात मी लिननरूमचा सुपरवायझर होतो. चादरी, अभ्रे, टॉवेल, पडदे, आचाऱ्यांचे डगले, जे म्हणून कापडाचं होतं ते माझ्या ताब्यात. लाँड्रीच्या मागे एक लांबट खोली होती, तिथे शिलाई मशीनवर इंदूबाई बसायच्या. वलवणहून चालत यायच्या. ठेंगण्या, खांद्याला रुंद, आवाज असा की लाँड्रीची यंत्रं चालू असली तरी ऐकू जायचा. चष्मा कायम कपाळावर. शिवताना त्यांना तो लागायचा नाही, जवळचं स्वच्छ दिसायचं. लांबचं बघायला मात्र लागायचा, म्हणून माणसाशी बोलायचं झालं की त्या चष्मा डोळ्यांवर ओढायच्या. सगळ्यांसाठी नाही. ज्याला नीट बघावं असं वाटलं त्याच्यासाठीच. एरवी कपाळावरच्या चष्म्यानेच बोलणं व्हायचं. नवी पोरं म्हणायची, मावशींनी चष्मा ओढला की समजायचं, आज आपलं काही खरं नाही.

त्यांची दुसरी खोड हॉटेलभर माहीत होती. त्या मशीनवरून कुणासाठी उठत नसत. एकदा हॉटेलचे मालक मुंबईहून आले होते आणि मॅनेजर त्यांना सगळं फिरून दाखवत होते. लिननरूममध्ये पाऊल पडलं तसे आम्ही सगळे उभे राहिलो. इंदूबाईंचं मशीन चालूच. मॅनेजर खाकरले. मशीन चालूच. शेवटी त्यांनी नाव घेऊन हाक मारली, तेव्हा इंदूबाई मान न वळवता म्हणाल्या, "मधीच उठले तर टाका सुटंल, सायेब. मग उसवायला तुमी बसणार का?"

मालक हसले. मॅनेजर हसले नाहीत.

पुढच्या वेळी मी आधीच सांगून ठेवलं की साहेब यायच्या आत हातातलं काम उरका, म्हणजे प्रश्नच नको. त्यांनी मान डोलावली. साहेबांच्या बुटांचा आवाज आला आणि ह्या बाईने खोक्यातली एक चिंधी उचलून सुईखाली घातली आणि मशीन चालू केलं. त्या चिंधीवर साहेब जाईपर्यंत एकावर एक शिवण पडत राहिली. नंतर मी विचारलं, हे काय केलंत? म्हणाल्या, "काम."

त्या भांडखोर होत्या, हे मी लपवत नाही. मिश्री लावायच्या आणि वॉशबेसिन रंगवायच्या, त्यावरून साफसफाईवाल्यांशी कायम वाद. दुसऱ्याने कापलेलं कापड त्यांना कधी सरळ दिसलं नाही. चूक कबूल करणं तर ठाऊकच नव्हतं. रंगांचं त्यांना काही कळायचं नाही, आणि कळतं अशी ठाम समजूत होती. हिरव्या पडद्याला त्यांनी जांभळं ठिगळ लावलं आणि मी बोललो तर म्हणाल्या, लांबून एकच दिसतं. चष्मा कपाळावर ठेवून बघितलं तर एकच दिसणार.

एक प्रसंग आधी सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

माझी आई गेली त्या वर्षी तिने शिवलेली गोधडी उंदरांनी एका बाजूने कुरतडली. मी ती पिशवीत घालून हॉटेलात आणली आणि इंदूबाईंपुढे ठेवली. त्यांनी गोधडी मांडीवर पसरली, उलटी केली, चारी बाजूंनी हात फिरवला. एका कोपऱ्याशी त्यांची बोटं थांबली. तो कोपरा त्यांनी चिमटीत धरून चुरचुरवला आणि चष्मा डोळ्यांवर ओढला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमच्या आईनं बी घास ठिवलाय की."

त्या कोपऱ्याशी खेळत मी लहानपणी झोपत असे. आत चार दाणे असायचे, बोटांत फिरवले की सरकायचे. आमच्याकडे गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आई त्यात आंबेमोहोराचे भाजलेले, हळद लावलेले तांदूळ घालायची. म्हणायची, उपाशी पांघरूण ऊब देत नाही. इंदूबाईंची आईही तेच करायची, जवळजवळ त्याच शब्दांत. त्यांचं माहेर पवनेच्या काठचं. आमच्या भागात एकाच गावात आमची आळी एका टोकाला आणि त्यांची वस्ती दुसऱ्या टोकाला, पाणवठेसुद्धा वेगळे. गोधडीचा कोपरा मात्र दोन्हीकडे सारखाच बंद होत होता, आणि हे मला चाळिशी उलटल्यावर कळत होतं.

मी म्हणालो, तुम्ही तर बौद्ध, तुमच्याकडे हे कसं चालतं? त्यांना राग आला नाही, पण समजूत घालायच्या सुरात म्हणाल्या, "ह्यात देवाचं काय न्हाई, भाऊ. कुणाला उपाशी ठिवू न्हाई, एवढंच हाय. मग ती गोधडी का असंना."

उंदरांनी खाल्लेली बाजू त्यांनी माझ्या आईच्याच टाक्याने, धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळींनी, भरून दिली. नवं कुठलं आणि जुनं कुठलं, ते मला अजून सापडत नाही. कोपऱ्याला त्यांनी हात लावला नाही.

आता सुजाता. इंदूबाईंचा नवरा लवकर गेला, मागे ही एकच मुलगी. ती आमच्याच हॉटेलात खोल्या आवरायच्या कामाला लागली. पण तिचं सगळं लक्ष बेकरीत. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या मुली झाडाखाली बसायच्या आणि ही बेकरीच्या काचेला नाक लावून उभी. बेकरीचे मुख्य कारागीर, ज्यांना सगळे वस्ताद म्हणत, त्यांनी एकदा तिला आत बोलावून पीठ मळायला दिलं. म्हणे, थट्टा म्हणून दिलं होतं. तिने ते असं मळलं की दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा बोलावलं. सहा महिन्यांत ती सुट्टीच्या वेळात पाव, नानकटाई, केक सगळं करू लागली. वस्तादांनी मॅनेजरला सांगितलं, भट्टीवर एक माणूस वाढवायचाच आहे तर ही मुलगी द्या. त्या भट्टीवर तोवर बाई उभी राहिलेली नव्हती.

इंदूबाईंना केक आवडत नसे. मुलीने पहिला केक घरी नेला तेव्हा त्यांनी एक तुकडा चावून बघितला आणि म्हणाल्या, "गोड कापूस." पण भट्टीवरच्या मोज्यांनी मुलीचा हात दोनदा भाजला, तेव्हा त्यांनी ते मोजे मागवून घेतले, उलटे केले आणि फेकून दिले. मोजे रेड्यासारख्या पुरुषांच्या हाताचे. सुजाताचा हात आत पोहायचा, ट्रे घसरायचा आणि सावरताना मनगट कडेला लागायचं.

त्याच रात्री त्या शिवायला बसल्या. हॉटेलची एक चिंधीही घेतली नाही. मीच म्हटलं होतं, जुन्या पडद्यांचं कापड पडलंय, न्या. तर म्हणाल्या, "माझ्या लेकीला मी देतेय, हॉटेल न्हाई." वर आपल्या लग्नातलं हिरवं लुगडं, आत जुन्या गोधडीचे थर. सुजाताचा पंजा वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने गिरवला आणि त्याबरहुकूम मोजे कापले. मोजे तयार झाले, सुंदर झाले, आणि दोन्ही डाव्या हाताचे निघाले. कागद उलटा करायला त्या विसरल्या होत्या. सुजाता पोट धरून हसली. इंदूबाईंनी शांतपणे तिसरा मोजा उजव्या हाताचा शिवला आणि जाहीर केलं की डावा हात जास्त भाजतो, म्हणून एक जादा दिलाय.

मोज्यांमागून एप्रन आला. त्याला खालपासून वरपर्यंत खिसे, कारण सुजाता चमचे कुठेही विसरायची. मग मळलेल्या पिठावर टाकायचं पातळ मलमलीचं झाकण, लाटण्याला गवसणी, गरम ट्रे टेकवायला चौकोनी जाड फडकी. दर आठवड्याला एक नवीन वस्तू. मुलीला तोंडाने कधी शाबासकी दिली नाही, फक्त शिवत राहिल्या. वस्ताद म्हणायचे, लग्नात आहेर करतात तसा ह्या बाईने भट्टीला आहेर केलाय. आणि प्रत्येक वस्तूच्या शेवटच्या कोपऱ्यात चार दाणे. मोजे भट्टीवर लटकायचे तेव्हा मी जाता-येता त्यांचा कोपरा चिमटीत धरून बघायचो. आईची आठवण यायची. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

एक ताकीद मात्र त्या सगळ्यांना द्यायच्या. वला मोजा घालू नका. सुका मोजा हात राखतो, ओल्याची वाफ होते आणि ती आतूनच भाजते. "वला मोजा म्हंजी इस्तवात हात," असं त्या ज्याला-त्याला ऐकवायच्या.

त्या भट्टीवर आणखी एकाचा डोळा होता. बाळू, माझ्या बहिणीचा मुलगा. त्याला हॉटेलात मीच लावला होता. ट्रे धुण्यापासून सुरुवात करून तो भट्टीपर्यंत पोचला होता आणि नवी जागा आपलीच, असं धरून चालला होता. बहीणही धरून चालली होती. वाईट नव्हता तो. सुजाताशी चांगला बोलायचा. फक्त आपली जागा एका पोरीने घ्यावी, हे त्याला कुठल्या तोंडाने घरी सांगायचं ते कळत नव्हतं.

एक दिवस सुजाता सुट्टीवर होती. तिचे मोजे धुऊन वाळत टाकलेले होते. बाळूला घाई होती. त्याने तेच ओढले, अर्धे ओले, आणि भट्टीतला ट्रे धरला. तळवा चांगलाच पोळला. रागाच्या भरात त्याने मोजा टेबलावर आपटला आणि पीठ कापायच्या सुरीने टराटरा फाडला. कोपऱ्यातून तांदूळ सांडले. पिवळे तांदूळ.

बाळूचा चेहरा पांढरा पडला. आमच्याकडे हळदीचे तांदूळ, कापडात बांधलेले, कुणाच्या नकळत लपवलेले, म्हणजे एकच गोष्ट. तो ओरडला ते खोटं ओरडला नाही. त्याला खरंच तसं वाटलं. त्याच्या घरात गोधड्या विकत आणलेल्या. माझी आई गेली तेव्हा तो लहान होता. आजीच्या पांघरुणाचा कोपरा त्याच्या बोटांना ठाऊकच नव्हता. अर्ध्या तासात सगळ्या हॉटेलात बोभाटा झाला की शिवणवाल्या बाईने मुलीला भट्टी मिळावी म्हणून बाळूवर करणी केली आणि त्याचा हात गेला.

मॅनेजरच्या खोलीत आम्ही जमलो. मॅनेजर, वस्ताद, हाताला पट्टी बांधलेला बाळू, मी, आणि निरोप पाठवून बोलावलेली सुजाता दाराशी. टेबलावर फाडलेला मोजा आणि शेजारी कागदावर ते तांदूळ. इंदूबाई आल्या. त्यांना कुणी बस म्हटलं नाही. त्यांनी भिंतीकडची खुर्ची ओढली आणि बसल्या.

मॅनेजर शहरातले. त्यांना करणीबिरणी हसण्यावारी न्यायची होती, पण नोकर माणसं बिथरली होती, दोघांनी भट्टीवर जायला नकार दिला होता. त्यांनी विचारलं, हे तांदूळ कशाला? इंदूबाईंनी सांगितलं, जसं मला सांगितलं होतं तसंच. आणि करणीचं नाव निघाल्यावर त्या पहिल्यांदा तापल्या.

"माझ्या आजानं समदे देव पान्यात सोडले, सायेब. बाबासायबांच्या मागं गेला. देव सोडले आन भुतं तेवढी घरात ठिवली व्हय आमी?"

वस्ताद गालात हसले. वातावरण थोडं सैल झालं. मला वाटतं, मॅनेजरनाही ते पटत आलं होतं. त्यांनी फक्त खात्री करून घ्यायला माझ्याकडे बघितलं. म्हणाले, शेडगे, तुम्ही ह्याच भागातले, वयाने मोठे. गोधडीत असे तांदूळ घालायची पद्धत असते का?

बाळू माझ्याकडे बघत होता. बहिणीचा मुलगा. मी हो म्हटलं असतं तर तो ओला मोजा घालून भाजलेला आणि वर बाईवर आळ घेणारा ठरत होता. आणि आणखी एक होतं, ते बाळूवर ढकलण्यात अर्थ नाही. माझ्या घरात आणि इंदूबाईंच्या घरात एकच रीत आहे, हे चारचौघांत म्हणायला माझी जीभ उचलली नाही. आईच्या गोधडीशी त्या बाईचं नातं मी लिननरूममध्ये मान्य करत होतो. साहेबांच्या टेबलासमोर नाही.

मी म्हणालो, "आमच्याकडं तरी नसतं, साहेब."

इंदूबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांनी फक्त एक वाक्य बोलायचं होतं, की ह्यांच्या आईची गोधडी मी ह्या हातांनी शिवली आहे, आणा ती आणि उसवून बघा. माझं खोटं तिथेच टेबलावर सांडलं असतं. मी त्या वाक्याची वाट बघत होतो. कदाचित ते यावं असंही वाटत होतं.

"भाऊ म्हनत्यात तर नसंल त्यांच्याकडं," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुन्हा कपाळावर नेला.

मॅनेजरनी मधला मार्ग काढला. बाईंनी सगळ्यांसमोर चूक झाली म्हणावं, सगळे मोजे जाळून टाकावेत, मग मुलीच्या जागेचं बघता येईल. सुजाताची भट्टी त्या एका शब्दावर आली होती. वस्तादांनी डोळ्यांनीच खुणावलं, म्हणून टाका. इंदूबाईंनी मुलीकडे बघितलं. मुलीने मान हलवली, नाही म्हणून.

"मी माफी मागणार न्हाई," इंदूबाई म्हणाल्या. "मागायची तर कुनाला? कापडाला जेवू घातलं म्हनून? त्या पोराचा हात वल्या मोज्यानं भाजला. त्याच्या हाताला तूप लावा आन माझ्या लेकीचा मोजा मला द्या."

त्या उठल्या. टेबलावरचे तांदूळ एकेक करून वेचले. एक खाली बाळूच्या चपलेपाशी पडला होता, तर त्याला म्हणाल्या, पाय काढ रं, घास हाय तो. बाळूने पाय काढला. तांदूळ तळहातावर, फाटका मोजा काखेत, अशा त्या बाहेर पडल्या. सुजाताने बेकरीतून आपला एप्रन घेतला, अंगावर चढवला आणि मागोमाग गेली. हॉटेलच्या फाटकातून बाहेर जाताना तो सगळ्या खिशांचा एप्रन लांबून दिसत होता.

भट्टी बाळूला मिळाली. तो तिथे फार टिकला नाही.

मायलेकी पवनानगरला गेल्या. तिथे धरणाच्या काठाने तंबूंची गर्दी वाढायला लागली होती. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी येणार, कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असणार, आणि केक मागवायचा तर लोणावळ्याहून. सुजाताने एक छोटा ओव्हन घेतला आणि पत्र्याच्या खोलीत केक सुरू केले. अफवा त्यांच्याआधी पोचली होती. गावातली माणसं सुरुवातीला केक घेत नव्हती, तंबूवाले घेत होते. तंबूवाल्यांना करणी माहीत नव्हती.

आणि इंदूबाईंनी काय करावं? कुणीही म्हणेल, ते तांदूळ बंद करावेत. त्यांनी उलटं केलं. खोलीच्या दाराशी मशीन मांडलं आणि विकायला एप्रन, मोजे, फडकी शिवायला घेतली. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर, बाहेरच्या बाजूने, पारदर्शक जाड प्लास्टिकची बोटभर खिडकी. खिडकीच्या आत चार पिवळे दाणे, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतील असे. मला हे बाळूने सांगितलं. कुणीतरी त्यांना म्हणालं होतं, मावशी, ह्याच्यावरून एवढं झालं, कशाला पुन्हा? तर म्हणाल्या, झाकलं व्हतं म्हनून भ्याले. आता उघडं हाय, बघा किती भ्यायचं ते. शहरातल्या बायका ती खिडकी बघून विचारायच्या, इंदूबाई सांगायच्या, आणि बायका दोन-दोन जोड न्यायच्या. बेकिंग करणाऱ्या मैत्रिणीला द्यायला, सुनेला द्यायला. आता म्हणे कुठल्या कुठल्या स्वयंपाकघरांत आमच्या मावळचे चार दाणे ओव्हनशेजारी लटकत असतात.

बाळू पवनानगरच्या मार्गावर जीप चालवू लागला. एक दिवस माझ्या घरी आला आणि म्हणाला, "मामा, मी जाऊन आलो. आधी शिव्या दिल्या, मंग चहा दिला." पुढे सुजाताचे केकचे खोके त्याच्याच जीपमधून पोचते व्हायला लागले. इंदूबाई त्याला रोज एकदा तरी हात दाखवायला लावायच्या आणि म्हणायच्या, बघा, माझ्या करणीला वणसुद्धा उमटवता आला न्हाई. तो हसायचा. ज्याने नकळत चूक केली तो जाऊन आला होता. ज्याने जाणूनबुजून केली तो घरात बसून होता.

मी गेलो ते मागच्या पावसाळ्याच्या शेवटी. हिवाळ्यात इंदूबाई गेल्या, त्यामुळे तीच भेट शेवटची. बरोबर आईची गोधडी घेतली होती, कडेची शिवण थोडी सुटली आहे, असं निमित्त करून. बाळूच्या जीपमधून जाताना मी वाक्य मनात घोळवत होतो. वाक्य छोटं होतं. इंदूबाई, मला माहीत होतं, आणि मी खोटं बोललो. माफ करा. एवढंच.

त्या दाराशी मशीनवर होत्या. केस सगळे पांढरे, खांदे अजून रुंद. मी समोरच्या बाकावर बसलो. त्यांनी ओळखलं, बरं आहे का विचारलं, पण मशीन चालूच. सुजाताने चहा आणून दिला आणि आत ओव्हनकडे गेली. मी गोधडी पुढे केली. इंदूबाईंनी एका हाताने सुईखालचं कापड सरकवत दुसऱ्या हाताने ती चाचपली. कोपरा सापडला. चिमटीत धरून चुरचुरवला.

"अजून हाय की घास."

मी मान हलवली. बोलायची वेळ हीच होती, हे मला कळत होतं. मी बोललो नाही, म्हणून त्याच बोलल्या. आवाज चढवला नाही.

"त्या दिशी मी सांगितलं असतं, तर ही बी त्या टेबलावर आली असती. त्या सुरीनं उसवली असती. मेलेल्या बाईचं शिवान मी चव्हाट्यावर मांडत न्हाई, भाऊ. तुमच्यासाठी न्हाई गप बसले मी. तिच्यासाठी."

आणि मग त्यांनी जे केलं ते मी हॉटेलच्या एवढ्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. मालकासाठी नाही, मॅनेजरसाठी नाही. हात चाकावर ठेवला आणि मशीन थांबवलं. टाका अर्ध्यावर होता, सुई कापडात रुतलेली. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला, हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघत बसल्या. घाई केली नाही. आतून केकचा वास येत होता. रस्त्यावर बाळूने जीपचं दार उघडून ठेवलं होतं.

मी म्हणालो, "चहा चांगला झालाय."

मग चष्मा वर गेला.

"पोरीनं केलाय. तिला सांगा," इंदूबाई म्हणाल्या आणि पाय पट्टीवर टाकला. मी गोधडीची घडी घातली, उठलो, जीपपाशी आलो. मागून मशीनचा आवाज येत होता. जीप वळणावर जाईपर्यंत तो एकदाही थांबला नाही.